राजाच्या उडीचा नंबर

मला बुद्धिबळ येत नाही, हे आधीच सांगून टाकते. मोहरे कसे चालतात तेवढं ठाऊक आहे. पण समोर कुणी बसलं की दहा-बारा चालींत माझा वजीर जातो, आणि तो कसा गेला हे मला समोरच्यालाच विचारावं लागतं. असं असूनही माझं निम्मं आयुष्य बुद्धिबळावर पोसलं गेलं. बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसांपैकी मी एक. आधी नागपुरात ऑफिसात बसून हे काम केलं, नंतर गोंदियात रेलटोलीतल्या फ्लॅटमध्ये घरी बसून. संपादकांनी या अंकासाठी कामाचे अनुभव मागितले तेव्हा मी विचारलं, वाचणार कोण? ते म्हणाले, शेजाऱ्यांना सांगता तसं सांगा. आमच्या समोरच्या दारातल्या शेठजींना, त्यांचा धानाचा व्यापार आहे, मी एकदा अर्धा तास हे सांगितलं होतं. सगळं ऐकून ते म्हणाले, "मतलब भाभीजी, आप दिनभर मोबाइल पे गेम खेलती हैं." तेव्हा यावेळी जरा जपून सांगते.

डावात कुठल्याही क्षणी साधारण तीसेक चाली शक्य असतात. त्या प्रत्येकीवर समोरच्याची तीसेक उत्तरं, आणि प्रत्येक उत्तरावर पुन्हा आपल्या तीस. आळीपाळीच्या पाच-सहा चाली पुढचं बघायचं म्हटलं तरी आकडा कोटींत जातो. एवढं बघायला फोनकडे वेळ नसतो आणि बॅटरीही नसते. म्हणून कुठली चाल आधी बघायची आणि कुठली मागे ठेवायची, यावर सगळा खेळ चालतो. माझं काम तेवढंच. चाल चांगली की वाईट हे ठरवणारे दुसरे असतात. मी फक्त रांग लावते.

रांगेनं काय फरक पडतो? आमच्या नात्यात एक आत्याबाई आहेत. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, रात्री नाटक होतं, आणि दिवसा मोठी माणसं लग्नं जुळवतात. आत्याबाईंच्या हातात एक बऱ्यापैकी स्थळ आधीच असतं. दुसरं कुणी नवीन स्थळ सांगू लागलं की त्या पहिला प्रश्न टाकतात, "पोरगा पेते का?" पितो म्हटलं की विषय संपला. शेती किती, नोकरी कायम आहे का, सासू कशी, काही विचारायचं नाही. हातातल्या स्थळापेक्षा हे खालचं आहे, एवढं कळलं की पुरे. किती खालचं ते मोजत बसायला आत्याबाईंना वेळ नसतो. आमचा प्रोग्राम नेमकं हेच करतो. मी एखादी चाल खेळले आणि समोरच्याच्या एकाच उत्तरानं ती बाद होत असेल, तर त्याची बाकीची एकोणतीस उत्तरं बघायचं कारण नाही. पण ते उत्तर रांगेत शेवटी उभं असेल, तर आधीची एकोणतीस फुकट तपासली जातात. आत्याबाईंची दुसरी सवयही आमच्याकडे आहे. आधीचं स्थळ ज्या प्रश्नानं मोडलं, तोच प्रश्न त्या पुढच्या स्थळाला सगळ्यात आधी विचारतात.

आता रांग लावायची म्हणजे पूर्ण लावायची का? यावरून माझं पुण्याच्या सौरभशी वाजलं होतं. सौरभ आमच्या टीममध्ये नवीन आलेला, हुशार आणि भयंकर टापटिपीचा. त्यानं तीसच्या तीस चाली पहिल्यापासून शेवटपर्यंत नंबरवारीनं लावणारा कोड लिहिला आणि तो किती वेगवान आहे हे आम्हाला तक्ते काढून दाखवलं. मी म्हटलं, "सौरभ, बाजारात वांगी घेताना तू ढिगातली सगळी वांगी लहान-मोठी लावून ठेवतोस का? वरचं चांगलं उचलतोस आणि पुढे जातोस." बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या चालीतच काम होतं, उरलेल्या अठ्ठावीस जणींची रांग लावण्याचे कष्ट पाण्यात. म्हणून दरवेळी उरलेल्यांतली सगळ्यात चांगली तेवढी उचलायची आणि लागलीच तर पुढची. सौरभ म्हणाला, "मॅडम, पण हे दिसायला किती अव्यवस्थित आहे." मी म्हटलं, माझं घर बघितलं नाहीस अजून. तो कोड मात्र त्यानंच नंतर माझ्यापेक्षा नीट लिहिला.

या कामात कौतुक होत नाही. रांग बरोबर असली की ती कुणाला दिसतच नाही. एका आवृत्तीत कुठे तरी एक चिन्ह उलटं पडलं आणि मोठा मोहरा मारायची चाल आधी बघायच्या ऐवजी शेवटी बघितली जाऊ लागली. प्रोग्राम खेळायचा बरोबरच, फक्त बैलगाडीच्या चालीनं. एका गृहस्थांनी आम्हाला लिहिलं, "मी चाल करून आंघोळीला जातो. बाहेर येतो तरी तुमचा उंट विचारातच. आता मी त्या वेळात दाढीही करू लागलो आहे. पुढे काय करावे ते कळवावे." आम्ही चिन्ह सुलटं केलं. मग त्यांचं पुन्हा पत्र आलं, आता दाढी करायला वेळ मिळत नाही म्हणून.

पण मला सांगायचं आहे ते मामाजींबद्दल. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. राहणार केशोरी, दिवसा धानाची शेती आणि संध्याकाळी गावातल्या पारावर बुद्धिबळ. सासूबाई गेल्यावरही ते तिथं एकटेच राहत. गेल्या साली अंगणात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. गोंदियात ऑपरेशन झालं, आणि माझ्या नवऱ्यानं, प्रकाशनं, त्यांना परत जाऊच दिलं नाही. काठी टेकत घरात फिरू लागले तसा मामाजींनी एकच धोशा लावला, "मले केशोरीले नेऊन द्या." प्रकाशचं उत्तर ठरलेलं, "तिथं पडले त उचलाले कोन आहे?" दोघांचंही खरं होतं, त्यामुळे भांडण मिटायला जागाच नव्हती. शेवटी बाप-लेक एकमेकांशी बोलेनासे झाले. "त्याले सांग, मले पेपर पायजे." "बाबांना सांग, पेपर त्यांच्याच उशाखाली आहे." मधे मी.

त्यांचं मन रमावं म्हणून मी आमचं ॲप एका जुन्या फोनवर घालून त्यांना दिलं. पाच मिनिटांत आतून आवाज आला, "उर्मिला! हे काय म्हनून राहिलं पाय!" पडद्यावर लिहिलेलं होतं, ही चाल नियमात नाही. मामाजींनी राजाला घोड्यासारखा अडीच घरं उडवला होता.

"नियमात नाही? माझा राजा अजून शह खाल्ला नाही. उडी बाकी आहे त्याची!"

त्यांचंही बरोबर होतं. ते खेळत होते गावचं बुद्धिबळ. त्यात प्यादं पहिल्याच चालीला दोन घरं पळत नाही, आणि राजाला किल्ल्यात लपायची सोय नाही. त्याऐवजी राजाला अख्ख्या डावात एकदाच घोड्यासारखी उडी मिळते. पण तीही केव्हा, तर त्याला एकदाही शह बसला नसेल तेव्हाच. शह बसला की उडी गेली. मी कंपनीत विचारलं, हा प्रकार आपल्याकडे घालू का? ते म्हणाले, फावल्या वेळात करून बघा. म्हणून केला. नियम शिकवायला फार दिवस लागले नाहीत, पण खेळ अगदीच भिकार झाला. मामाजी त्याला हरवायचे, वर फोनला शिव्या द्यायचे.

"काऊन इतका विचार करून राहिला बे? चाल दे ना!"

म्हणून मी पडद्यावर एक मोठं बटण दिलं: 'चाल दे'. ते दाबलं की तोवर जी चाल प्रोग्रामला सगळ्यात बरी वाटली असेल, ती तो खेळून मोकळा होतो. मग मामाजींची दुसरी तक्रार आली. समोरच्याच्या तोंडाकडे बघून त्याच्या मनात काय आहे ते कळतं, याला तोंडच नाही. म्हणून बटणाच्या वर एक ओळ दिली, तिच्यात प्रोग्रामच्या मनात त्या घडीला असलेली चाल दिसते. विचार एक-एक चाल पुढे, म्हणजे एक-एक थर खोल जातो तशी ती ओळ बदलते. आता मामाजी त्या ओळीकडे बघून तोंड वाकडं करू लागले.

भिकार खेळाचं कारण मला कळलं होतं. राजाच्या उडीला रांगेत नंबर कुठला द्यायचा, हेच मला ठाऊक नव्हतं. उडी बाकी असेपर्यंत प्रत्येक स्थितीत सात-आठ चालींची भर पडते. त्यातल्या बहुतेक निव्वळ वेडेपणाच्या. राजा उगाच मैदानात कशाला उडी मारेल? त्यांना पुढे उभं केलं तर सगळा वेळ त्यांच्यातच जातो. मागे ठेवलं तर जिथं उडीनंच डाव जिंकता येतो, तिथं त्यांचा नंबर यायच्या आत मामाजींचं बोट बटणावर असायचं.

एका दुपारी बाप-लेकाचं पुन्हा जुंपलं. मंडई जवळ आली होती. मामाजी म्हणाले, आणि यावेळी थेट प्रकाशला म्हणाले, "आयक. ह्या तुझ्या बायकोच्या डब्यानं मले हरवलं, त मी इथंच राहीन, पुन्हा केशोरीचं नाव घेनार नाही. अना मी जिंकलो त मंडईले मले केशोरीले नेऊन सोडाचं. परत आनाचं नाही."

प्रकाशनं क्षणात हो म्हटलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला माझ्या कामाचं महत्त्व कळलेलं दिसत होतं.

फोननं किती वेळ घ्यायचा हेही मामाजींनीच ठरवलं. डॉक्टरांनी खर्रा बंद करायला सांगितला होता. मामाजींनी तो दिवसाला एकावर आणला होता आणि त्याला ते बंदच म्हणत. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून ती तळहातावर घोटायची. प्रत्येक चालीला पंचवीस घोटे, मग बटण. तोवर यंत्राला काय सुचेल ते सुचेल.

माझी मात्र पंचाईत झाली. प्रोग्राम जिंकला तर म्हाताऱ्या माणसाला त्याच्या गावातून माझ्या हातानं उठवल्यासारखं होणार. हरला तर तो एकटा माणूस पुन्हा त्या अंगणात जाणार. कोण जिंकावं हे मला खरंच कळत नव्हतं. पण रांग चुकीची ठेवून मुद्दाम हरायचं, हे काही हातून झालं नसतं. मी मामाजींना म्हटलं, "तुमचे लोक उडी केव्हा बघतात ते मला बघायचं आहे. चला केशोरीला." ते लगेच टोपी शोधायला उठले.

गाडीत ते सारखे बोलत होते. केशोरीच्या पारावर दोन माणसं खेळत नाहीत, सगळा पार खेळतो, म्हणाले. "एक डाव अना बारा तोंडं! जो तो ओरडते. हाणा! थांबा! घोडा काढा!" मी विचारलं, मग त्यातलं ऐकायचं कुणाचं? "पह्यले झिबलचं. तो दहा वेळा ओरडला त सात वेळा बरोबर राह्यते. मंग ज्याचं मांगच्या डावात खरं निघालं त्याचं. अना मंग ज्यानं तंबाखू देल्ला त्याचं, त्याचं त आयकावंच लागते." मला हसू आलं. आमच्याकडेही ज्या चाली आधी उपयोगी पडल्या त्यांना जास्त गुण देऊन पुढे घेतात. फक्त तंबाखूला गुण नाहीत.

पारावर आम्ही बराच वेळ बसलो. झिबल आले, मामाजींच्याच वयाचे, आणि त्यांच्या मागून आणखी एक जण, ज्यांना ऐकू येत नव्हतं. बाकी कुणी आलं नाही. झिबलनं एकेकाचं सांगितलं. अमका पोरीकडे नागपूरला, तमका वारला, उरलेले घरात मोबाइल घेऊन. डाव लागला. मामाजींनी घोडा काढला आणि सवयीनं मान वळवून मागे पाहिलं. मागे पाराच्या पायऱ्या होत्या आणि एक शेळी. "कोनी काही बोला ना बे," ते म्हणाले. ज्यांना ऐकू येत नव्हतं ते हसले. थोड्या वेळानं झिबलला म्हैस सोडायची आठवण झाली आणि डाव अर्ध्यातच राहिला. उठताना मामाजी म्हणाले, "मंडईले येतोच मी. कायमचा."

"ये ना," झिबल म्हणाले. "पन मी त औंदा पोराकडे पुन्याले जाऊन राहिलो. त्याले नातू झाला."

मला त्यावेळी घाई माझ्या कामाची होती. मामाजींच्या घराच्या ओसरीत बसून मी त्यांच्याकडून उडीचं सगळं काढून घेतलं. त्यांनी सांगितलं ते असं. उडी रोज बघायची नसते. समोरचा पुढच्या चालीला शह देणार आहे असं दिसलं, की आधी उडी बघायची, कारण नंतर ती राहणारच नाही. आणि ज्या उडीत काही मारता येतं किंवा राजाच्या मागे दडलेला आपला हत्ती मोकळा होतो, ती उडी बघायची. बाकीच्या उड्या सोडून द्यायच्या. परतताना नवेगावच्या जंगलातला रस्ता खड्ड्यांचा, खुबा दुखत असेल म्हणून मी त्यांच्या मागे उशी दिली. त्यांनी ती मांडीवर घेतली आणि तशीच धरून बसले.

दोन-तीन दिवसांत मी रांग बदलली. माराच्या चाली पुढे. शह येऊ घातला असेल, तर माराच्या चालींच्या लगेच मागे कामाच्या उड्या. वेडगळ उड्या अगदी तळाला. प्रोग्राम एकदम शहाण्यासारखा खेळू लागला. मी प्रकाशला सांगितलं, तो पेढे कुठून आणायचे याचा विचार करू लागला.

डाव झाला दिवाळीनंतरच्या रविवारी, आमच्या हॉलमध्ये, दुपारच्या जेवणानंतर. पंच म्हणून शेठजी आले, घोटे मोजायला. मामाजी बोर्डावर सोंगट्या मांडून बसले, शेजारी फोन. फोनची चाल मी बोर्डावर करायची. पहिल्या चालीपासून मामाजी कडक होते. शेठजी "चौबीस, पच्चीस" म्हणाले की बोट बटणावर. एकदा शेठजी खोकले आणि एक घोटा जास्त झाला, तर मामाजींनी त्यांना झाप झाप झापलं. "शेठजी, दुकानात पोते मोजता त असेच मोजता का?"

डाव अर्ध्यावर आला. मोहरे कमी झाले होते. फोनचा हत्ती आणि मामाजींचा राजा एकाच पट्टीत समोरासमोर होते आणि मधे फोनचा राजा. मामाजींनी वजीर सरकवला आणि प्रकाश माझ्या कानाशी कुजबुजला, "पुढच्या चालीला शह आहे." म्हणजे फोनची उडी जाणार. फोनची पाळी होती. मामाजी पन्नी घोटू लागले. पडद्यावरच्या ओळीत आलं: हत्तीनं उंट मार. मला डाव कळत नसला तरी माझा प्रोग्राम कळतो. हा उंट वरवरचा मोह होता. या फोनला आणखी एक थर खोल जायला अजून बराच वेळ लागणार होता, आणि पंचवीस घोट्यांत तो गाठणार नव्हता. मी मनातल्या मनात मामाजींची पिशवी भरायला घेतली.

"सोलह, सत्रह, अठारह," शेठजी मोजत होते.

"शेठजी," मामाजी एकदम म्हणाले, "औंदा धानाले काय भाव देऊन राहिले तुमी?"

धानाच्या व्यापाऱ्याला दिवाळीत हा प्रश्न विचारल्यावर तो पंच राहत नाही. शेठजींनी मोजणं सोडलं आणि खुर्ची पुढे ओढली. "अरे बाबूजी, क्या बताऊँ, इस बार माल में नमी कितनी है..." नमी, गोदाम, बारदाना, मजुरी, सगळं आलं. मामाजी मान डोलवत होते, "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणत होते आणि पन्नी घोटतच होते. खर्रा कधीच तयार झाला होता, पन्नीत त्याचं पीठ झालं असेल. ते शेठजींकडे बघतच नव्हते. त्यांची नजर फोनवर होती.

ओळ बदलली: राजाची उडी, घोडा मार.

"कितना हुआ था?" शेठजींना आठवलं. "अठारह ना?"

"पंचवीस झाले," मामाजी म्हणाले आणि बटण दाबलं.

मी राजा उचलला, अडीच घरं टाकला, त्यांचा घोडा बाहेर ठेवला. राजा बाजूला झाल्याबरोबर मागच्या हत्तीचा शह उघडा पडला. तो शह निवारताना मामाजींचा वजीर गेला, आणि पुढच्या काही चालींत डाव संपला. प्रकाशनं टाळी वाजवली. शेठजींनी फोनला हात जोडले आणि मला म्हणाले, "मान गए भाभीजी, ये तो सचमुच का काम है." मामाजींनी आपला राजा आडवा केला. "हारलो," म्हणाले. "शब्द देल्ला आहे. राहावं लागन." प्रकाश धावत पेढे आणायला गेला, आणि जाताना, किती महिन्यांनी कोण जाणे, बापाला म्हणाला, "बाबा, तुमच्यासाठी काय आणू?"

मी स्वयंपाकघरात चहा ठेवला. काठीचा आवाज आला. मामाजी पाणी मागायला आले होते.

मी गिलास देताना विचारलं, "मामाजी, ती उडी तुमाले आधीच दिसली होती ना?"

"दिसली नसती त इतके वर्ष पारावर काय गोट्या खेळलो का?"

"मंग पंचवीस झाल्यावर बटन काऊन नाही दाबलं?"

ते पाणी प्यायले. गिलास ओट्यावर ठेवला, हॉलमध्ये कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं.

"प्रकाशले सांगू नोको," ते म्हणाले. "तिथं आता ओरडाले कोनी नाही, बाई. मी अना घर. जातो जातो म्हनून इतके दिवस घर डोक्यावर घेतलं, आता नाही जात म्हनून कोनत्या तोंडानं सांगू? तुझ्या डब्यानं सुटका केली."

मला रडू आलं. केशोरीच्या पारावर मी त्यांच्या शेजारीच बसले होते आणि मला फक्त उडीचा नंबर हवा होता, याचं फार वाईट वाटलं. ते गडबडून म्हणाले, "आता कायले रडून राहिली? जिंकली ना तू!"

प्रकाश असले अंक वाचत नाही, म्हणून हे इथं लिहिते आहे. कंपनीनं तो गावचा प्रकार शेवटी घेतला नाही. असे नियम खेळणारे लोक किती असणार, म्हणाले. मी वाद घातला नाही, कारण आकडा माझ्याकडेही नव्हता. सौरभनं तेवढं तो कोड जपून ठेवला आहे म्हणे. उडीच्या नंबराचा विचार मी माझ्या सगळ्या कामात सगळ्यात चांगला केला असं मला वाटतं, आणि तो एका जुन्या फोनवर, एकाच माणसासाठी चालतो, याची थोडी हळहळही वाटते.

डावाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी फोन आणि बोर्ड घेऊन बाल्कनीत बसले. मी त्यांच्या मागे उभी राहून पालक निवडत होते. डाव रंगात आला होता असं त्यांच्या मानेवरून वाटत होतं. मी काहीही न समजता ओरडले, "मामाजी, हत्ती हाणा!"

"हत्ती मारला त माझा वजीर जाते. तुले काही समजते का?"

त्यांनी दुसरंच काहीतरी खेळलं. फोनची चाल आली. त्यांचा हात उंटाकडे गेला आणि उंटावरच थांबला. मी पालक निवडत राहिले. मागे वळून न बघता ते म्हणाले, "बोल ना."